आईच्या डाव्या हाताखालची खुंटी

आमच्या घरात त्या काळी दोन पक्ष होते, खुंटीचा आणि बटणाचा. बटणाच्या पक्षात मी एकटीच होते, आणि एकटी असल्यामुळे बोलत मात्र सगळ्यांपेक्षा जास्त होते. खुंटीच्या पक्षात आई, माझे वडील अण्णा आणि दर रविवारी धायरीहून येणारी हौसाक्का. ही खुंटी म्हणजे आईच्या जपानी कीबोर्डवर डाव्या अंगाला असलेलं आवाजाचं सरकतं बोंडूक. बोटभर खाचेतून ते वर नेलं की आवाज मोठा, खाली आणलं की लहान. दुकानदार त्याला स्लायडर म्हणाला होता. आईने घरी आणल्याआणल्या त्याची खुंटी केली आणि तेच नाव पडलं.

आई एका सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक होती. दिवसभर टंकयंत्रावर बोटं आपटून ती संध्याकाळच्या बसने कर्वेनगरला उतरायची, वाटेत मेथीची नाहीतर चाकवताची जुडी घ्यायची, आणि घरात शिरल्यावर चहाला उकळी येईपर्यंत कीबोर्डवरचं फडकं काढून दोन ओळी वाजवून घ्यायची. आमचं घर सोसायटीच्या तळमजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खिडकीखालीच सोसायटीची पाण्याची मोटर होती, त्यामुळे आईला संध्याकाळी अर्धा तास फुकटचा खर्ज मिळे. मोटर बरोबर पांढरी एकला लागते असं ती म्हणायची. मी तेव्हा हसायचे. पुढे एकदा कॉम्प्युटरवर तपासून पाहिलं, तर मोटर पांढरी एकलाच होती.

पेटी ती आजोबांकडून शिकली. आजोबा गावच्या भजनात पेटी धरायचे. धर्मांतर झालं तेव्हा त्यांनी घरातले देव नदीत सोडले, पण पेटी ठेवली. गाणी तेवढी बदलली. ही तर देवांच्या भजनातली पेटी, असं कुणी हिणवलं तर ते म्हणायचे, पेटीला काय माहीत. त्यांच्या तीन मुलांपैकी पेटीला हात लावायची इच्छा फक्त आईलाच झाली आणि त्यांनी मुलगी म्हणून तिला हटकलं नाही, एवढ्यावर आमच्या घरातलं सगळं संगीत उभं आहे. मला त्यातलं काही आलं नाही. माझे कान बरे आहेत, हात मठ्ठ.

रविवारी विहारात वंदना झाली की बायकांचं गायन मंडळ बसायचं. पेटीला आई, ढोलकीला शेजारच्या गल्लीतल्या एक काकू, कोरसला येईल ती, आणि गायला हौसाक्का. अक्का आईपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. धायरी अजून गाव होतं तेव्हापासूनची तिथली. तिने पत्र्याचे डबे दाबून काढायच्या प्रेसवर वीसेक वर्षं काम केलं होतं, आणि त्या मशीनच्या ठोक्यावर मनातल्या मनात गाणी रचली होती. शाळेत जाणाऱ्या पोरींची, पाण्याच्या वाटेची, विहाराच्या पायरीची. लिहायला तिला जड जायचं. ती म्हणायची आणि आई जेवणाच्या सुट्टीत कचेरीतल्या रद्दी कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर ती टंकून आणायची. अक्काचा आवाज रुंद होता. गोड म्हणता येणार नाही, पण एकदा सुरू झाला की समोरच्या माणसाला उठून जाता यायचं नाही. बोलायचीही ती तशीच, पाच घरांना ऐकू जाईल असं. आम्हाला वाटे, गावाकडची माणसं, मोठ्यानेच बोलायची.

पेटीचा भाता फाटत चालला होता आणि दुरुस्त करणारे म्हातारे गाशा गुंडाळत होते. त्याच सुमाराला परदेशी वस्तू दुकानांतून राजरोस दिसायला लागल्या. मंडळाने वर्गणी काढून कीबोर्ड घेतला आणि तो आईच्या ताब्यात दिला. आता जन्मभर पेटी वाजवलेल्या माणसाचा डावा हात काय करतो, तर भाता मारतो. कीबोर्डला भाता नाही, वारा नाही; बटण दाबलं की आवाज येतो आणि सोडलं की जातो. पहिला आठवडा आईचा डावा हात नुसता तळमळला. कधी पदर सारखा कर, कधी वहीचं पान धर. मग त्याला ती खुंटी सापडली. शब्द यायच्या जरा आधी खुंटी वर सरकायची, शब्द आला की अदबीने मागे यायची, ओळ संपताना हळूहळू तळाला जायची, आणि अक्काने श्वास घेतला की परत उचलायची. मशीन जपानचं होतं, पण आईने त्याला श्वास घ्यायला लावलं. मी आज हे कौतुकाने लिहिते आहे. तेव्हा मला ते अडाणीपणाचं वाटायचं.

तसं वाटणारी मी एकटी नव्हते. एका लग्नात कीबोर्ड वाजवणाऱ्या पोराने आईला नीट समजावून सांगितलं होतं की काकू, आवाज एकदा सेट करायचा आणि सोडून द्यायचा, डावा हात खालच्या सुरांसाठी असतो. आईने सगळं ऐकून घेतलं, बरं म्हणाली, आणि पुढच्या गाण्याला डावा हात खुंटीवर ठेवला. आईचं बरं हे असं होतं. त्यापुढे वाद घालायला जागाच राहायची नाही.

दोषही होताच. ती खुंटी बिचारी दिवसातून दोन-चारदा हलण्यासाठी केलेली. आई तिला एका गाण्यात शंभरदा हलवायची. वर्षभरात तिच्यातून खर्र असा आवाज यायला लागला. अण्णा स्वारगेटच्या बस डेपोत मेकॅनिक होते. बसच्या गिअरबॉक्सला न घाबरणारा माणूस कीबोर्ड उघडताना मात्र आंघोळ करून, नखं कापून बसायचा. जुन्या धोतराच्या चिंधीला स्पिरिट लावून ते खुंटीची खाच आतून पुसायचे, मग आई एक ओळ वाजवून बघायची, आणि दोन-तीन महिने सुखात जायचे. आतली पट्टी पारच झिजली तेव्हा अण्णांनी सुट्या भागांच्या दुकानांची तपकीर गल्ली पालथी घालून तशीच दुसरी आणली. ती झिजली तेव्हा तिसरी. चौथी मिळाली नाही. खरखर वाढत गेली. वरच्या मजल्यावरचे लेलेकाका एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाले, "तुमच्याकडे रियाज चालतो की दळण, एवढंच कळवा. म्हणजे डबा पाठवता येईल."

मी तोवर कॉम्प्युटर शिकले होते. तेव्हा पुण्यात दर चौकात कॉम्प्युटर क्लासची पाटी लागलेली होती आणि घराघरातून एक तरी पोरगं अमेरिकेची भाषा बोलत होतं. मला एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. मराठीत सांगायचं तर पडद्यावर खोटी बटणं आणि खोट्या खुंट्या काढायचं काम. कॉम्प्युटरचा उंदीर सरकवला की त्या सरकतात, झिजत नाहीत, खरखरत नाहीत, चिंधी नको, स्पिरिट नको. मला खरोखर वाटायचं की जग आता झिजण्यातून सुटलं. वय तसं होतं, आणि पगारही महिन्याच्या महिन्याला होत होता. माणूस अशा वेळी शहाणं व्हायचं टाळतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी आईला नवा कीबोर्ड आणला. त्याला पडदा होता, कॉम्प्युटरला जोडायची सोय होती, आणि खुंटीच्या जागी दोन बटणं होती, एक अधिकचं, एक उण्याचं. आवाज शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंत आकड्यांत. मी आईसमोर प्रात्यक्षिक केलं. हे बघ, हे गाणं शंभरवर ठेव, ते ऐंशीवर. कागदावर लिहून ठेवलं की जन्मात परत हात लावायला नको. आईने अधिकचं बटण एकेकदा दाबत आकडा शेवटपर्यंत नेला. मग शेवटच्या दोन आकड्यांवर मागेपुढे करत राहिली.

"एकशे सव्वीस आणि सत्तावीसच्या मध्ये काय आहे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, काही नाही.

"असं कसं," ती म्हणाली, आणि भाजी फोडणीला टाकायला उठली.

नवा कीबोर्ड पलंगाखाली गेला. वाईट वाटलं, रागही आला. मी अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं की या घरात नवीन काही आणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. अण्णांनी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्राचं पान उलटलं.

अक्काची एकच इच्छा होती, आणि तिने आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नसल्यामुळे मागायला तिला फार कष्ट पडले. एका रविवारी जेवणं झाल्यावर, सुकटीच्या चटणीचं बोट चाटत, ती जमिनीकडे बघून म्हणाली की गळा आता पहिल्यासारखा राहिला नाही, तो जायच्या आत आपली गाणी एका कॅसेटवर असती तर बरं झालं असतं. एवढंच. लगेच स्वतःच हसून म्हणाली की मशीनवर घाम गाळणाऱ्या बाईला कसली कॅसेट. दुसऱ्या दिवसापासून कचेरीतून येताना आई कुणाकुणाला भेटून यायला लागली. पंधरा दिवसांत कर्वेनगरातच एका बंगल्याच्या तळघरात नवीन निघालेल्या स्टुडिओचा एक दिवस ठरला. पुढच्या तारखा कितीतरी महिने भरलेल्या होत्या. मिळाला तो एकच दिवस.

स्टुडिओ चालवणारा तिशीतला, चष्म्याचा, हसतमुख माणूस होता. त्याच्याकडे मोठी टेपची यंत्रं नव्हती, सगळं कॉम्प्युटरवर. मी तिथे शिरले आणि मला माहेरी आल्यासारखं वाटलं. सकाळी ढोलकी वेगळी ध्वनिमुद्रित करून झाली, ढोलकीच्या काकू घरी गेल्या. मग आईचा जुना कीबोर्ड जोडला. पहिल्या ओळीलाच त्याने कानावरचे हेडफोन उचलले. खुंटीची खर्र त्या शांत खोलीत घरच्यापेक्षा चौपट ऐकू येत होती. तो नम्रपणे म्हणाला, "काकू, हे कॅसेटवर येणार. दुसरा कीबोर्ड असेल तर बघा ना. आणि आवाज कमीजास्त करू नका. तुम्ही एकदम फ्लॅट वाजवा, लेव्हल आपण नंतर कॉम्प्युटरवर करू."

हा माझ्या विजयाचा क्षण होता. मी स्कूटर घेऊन घरी गेले, जुना कीबोर्ड परत ठेवला, पलंगाखालून नवा काढला आणि वीस मिनिटांत स्टुडिओत हजर केला. आवाज शंभरवर ठेवला. आईला म्हटलं, आता डावा हात मांडीवर ठेव आणि बसू दे त्याला. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हात मांडीवर ठेवला.

काचेपलीकडे आई आणि अक्का, अलीकडे कॉम्प्युटरसमोर तो आणि मी. अक्काच्या कानांवर हेडफोन चढवले तर तिने लगेच काढले. नुसता गलका येतोय म्हणाली. मग तिच्याजवळ हळू आवाजात एक लहान स्पीकर लावला. नेहमीसारखी ती आईच्या डाव्या बाजूला बसली होती. गाणं सुरू झालं आणि अक्का उशिरा आली. पुन्हा घेतलं. या वेळी आली वेळेवर, पण ओळ संपल्यावर मधला तुकडा चालू असतानाच पुढची ओळ म्हणून मोकळी झाली. तिसऱ्यांदा एक कडवं गाळलं. सूर कुठेच ढळत नव्हता, तो तिच्या अंगात मुरलेला होता; पण कुठे थांबायचं आणि कुठे उचलायचं, हेच तिला कळेनासं झालं होतं. वीस वर्षं विहारात एकदाही न चुकलेली बाई. चौथ्या, पाचव्या वेळी तर ती गाता गाता घाबरून आईच्या तोंडाकडे बघायला लागली, आणि आई मान हलवून खुणा करायला लागली तर दोघींचंही बिघडलं.

त्या माणसाने काही वाईट म्हटलं नाही. त्याने बटण दाबून पलीकडच्या खोलीत विचारलं, आजींना आज बरं नाही का, नाहीतर पुढे कधीतरी बघू. पुढे कधीतरी म्हणजे कधी, हे सगळ्यांनाच माहीत होतं. अक्काने पिशवी उचलली. ती बाहेर आमच्यापाशी आली तेव्हा तिचा चेहरा मला बघवला नाही. नेहमी पाच घरांना ऐकू जाणारा आवाज अगदी खाली आला होता.

"इमल, ऱ्हाऊ दे आता," ती आईला म्हणाली. "गळा धरलाय माजा. दुसरी कुनी गाऊ दे. गानी माजीच हायेत न्हवं, तेवढं पुरं."

आईने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि खुर्चीवर ठेवली. तिला खुणेने बसायला सांगितलं, पुढ्यात पाण्याचं भांडं ठेवलं. मग मला बाहेर जिन्यात नेलं आणि म्हणाली, जुना कीबोर्ड घेऊन ये. मला वाटलं, आईला गोंधळात भान राहिलं नाही. मी म्हटलं, अगं तो खरखरतो, चालणार नाही.

"मला वाजवायचा नाहीये तो," आई म्हणाली. "तू आण."

त्या दिवशी दुसऱ्यांदा मी घरी गेले. अण्णा नुकतेच पाळीवरून आले होते. त्यांनी कीबोर्ड चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि माझ्या मागे स्कूटरवर बसले. स्टुडिओत आईने नवा कीबोर्ड उजवीकडे घेतला, जुना डावीकडे एका स्टुलावर ठेवला, जरा तिरका, अक्काला दिसेल असा. तो माणूस वायर घेऊन पुढे झाला, ही कुठे लावू विचारत. लावायची नाही, असं आईने सांगितलं. तो माझ्याकडे बघायला लागला. मी खांदे उडवले. मला खरंच काही कळलं नव्हतं.

मग आईने उजव्या हाताने नव्या कीबोर्डवर गाण्याचं तोंड वाजवायला सुरुवात केली आणि डावा हात त्या मुक्या खुंटीवर ठेवला. ना वीज, ना आवाज. खुंटी वर चढली आणि अक्काने तोंड उघडलं. खुंटी मागे आली, अक्का शब्दावर स्थिरावली. खुंटी तळाला गेली, अक्का थांबली, मधला तुकडा संपेपर्यंत थांबली, आणि खुंटी परत हलायला लागताच तिने श्वास भरला. मी काचेला नाक लावून बघत होते. अक्काची नजर आईच्या तोंडावर नव्हती, वहीवर नव्हती, माइकवर नव्हती. ती आईच्या डाव्या हातावर होती आणि तिथून एकदाही हलली नाही. विहारात वर्षानुवर्षं ती आईच्या डाव्या बाजूलाच का बसते, हे मला त्या क्षणी कळलं. हौसाक्काला ऐकू येत नव्हतं. निदान पुरेसं येत नव्हतं, आणि किती वर्षांपासून, कुणास ठाऊक. त्या प्रेसच्या मशीनने तिला गाणी दिली होती आणि कान घेतले होते. ती गात होती ते बघून बघून. आणि मी आईला हात मांडीवर ठेवायला सांगितलं होतं.

गाणं एका दमात झालं. त्यानंतरची सातही गाणी एकेका दमात झाली. तो माणूस पहिल्या गाण्यानंतर काही विचारायला गेला नाही, फक्त ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लावायचा आणि मालवायचा. शेवटी तो हळूच मला म्हणाला की इतकं नेमकं येणारे गायक त्याला महिन्यातून एखादे भेटतात. मी हो म्हटलं.

आवाजाचं काम राहिलं होतं. नव्या कीबोर्डचा सूर सगळा शंभरवर, इस्त्री केल्यासारखा सपाट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने आम्हाला तासभर दिला. पडद्यावर प्रत्येक गाण्याखाली एक रेघ होती, आणि उंदराने ती रेघ उचलली की तिथे आवाज चढायचा, दाबली की उतरायचा. हे काम करणारी त्या खोलीत माझ्याइतकी सराईत दुसरी कुणी नव्हती, पण रेघ कुठे उचलायची ते मला ठाऊक नव्हतं. आई माझ्या शेजारी बसली. तिने डोळे मिटले, डावा हात टेबलावर ठेवला आणि गाणं लागल्यावर तो लाकडावर वर-खाली सरकवायला लागली. मी तिच्या हाताकडे बघत उंदीर चालवत गेले. ती वर तर मी वर, ती मागे तर मी मागे. दोन गाण्यांनंतर माझ्या लक्षात आलं की मी आता विचार करत नाहीये, आणि तिसऱ्या गाण्यापासून मला ते ऐकूही यायला लागलं, की अक्काच्या शब्दाखाली सूर कसा गादीसारखा दबतो आणि ती थांबली की कसा फुगतो. जन्मभर ऐकलेली गाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. एका ठिकाणी माझा हात चुकला, तेव्हा तेवढाच तुकडा परत घेतला, बाकीचं जिथल्या तिथे राहिलं. आईने डोळे उघडून विचारलं, आधीचं पुसलं नाही गेलं? मी म्हटलं, नाही, आपण केलेलं सगळं त्यात राहतं. तिला ते फार आवडलं. हातातून गेलं की गेलं, हेच ती जन्मभर मानत आली होती. हे बरं आहे गं तुमचं, ती म्हणाली. माझ्या कामाविषयी ती याआधी असं काही बोलली नव्हती, आणि मी हरखून गेले.

त्यानंतर मी नोकरीत पडद्यावरच्या हजारो खुंट्या काढल्या. माझ्या हाताखालच्या पोरापोरींना मी एक प्रश्न हटकून विचारायचे, की ही खुंटी हलताना शेजारच्या माणसाला दिसते का. ते म्हणायचे, मॅम, शेजारच्याला कशाला दिसायला हवी, युजर तर एकच असतो. मी त्यांना हौसाक्काची गोष्ट कधी सांगितली नाही. ती सांगायला मला इतकी वर्षं लागली, आणि आता आई, अण्णा आणि अक्का तिघंही नाहीत म्हणूनच लिहिते आहे.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी स्टुडिओतून परतताना, अक्काला धायरीच्या बसमध्ये बसवून दिल्यावर, बसस्टॉपवरच मी आईला विचारलं होतं, तुला कधीपासून माहीत होतं. झाली असतील सात-आठ वर्षं, ती म्हणाली. पेटी होती तेव्हा अक्का भात्याकडे बघायची. कीबोर्ड आला आणि पहिल्याच रविवारी अक्का चुकली, फक्त एकदाच, कुणाच्या लक्षात आलं नाही. आईच्या आलं. म्हणून मग खुंटी.

इतकी वर्षं मी समजत होते की सवय सुटेना म्हणून आई ती खुंटी हलवते. मी म्हटलं, मग तू तिला विचारलं का नाहीस, डॉक्टरकडे नेता आलं असतं. आई बस गेली त्या वाटेकडे बघत होती.

"ती होऊन सांगत नाही," ती म्हणाली, "तर मी विचारून तिला उघडं का पाडू?"

डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, असं माझं अर्धं मन अजून म्हणतं. पण सात-आठ वर्षं, दर रविवारी, एका माणसाची लाज आपल्या हाताखाली झाकून ठेवायची आणि वर लोकांकडून हसं करून घ्यायचं, स्वतःच्या मुलीकडूनही, हे मला जमलं नसतं. मी माझ्या आईइतकं मोठं माणूस पाहिलेलं नाही.

कॅसेट महिन्याभराने आली. वेष्टनावर अक्काचं पूर्ण नाव छापलं होतं. ती त्यावरून बोट फिरवत बसली. आईने भाकरी, सुकट आणि शेंगदाण्याचं कालवण केलं होतं. अण्णांनी टेपरेकॉर्डर मध्यभागी आणून ठेवला आणि लावला. जेवायला आलेल्या ढोलकीच्या काकू डोळे पुसायला लागल्या. दुसऱ्या गाण्याला लेलेकाका जिना उतरून दारात आले, हाताची घडी घालून पूर्ण गाणं ऐकलं, "उत्तम आहे," म्हणाले आणि वर गेले. त्यांच्या तोंडून हा शब्द सोसायटीत पहिल्यांदा निघाला असावा.

अक्का ताटावर बसून टेपरेकॉर्डरच्या फिरणाऱ्या चाकांकडे बघत होती. सगळे तिच्याकडे वळले. मी काहीतरी बोलायचं म्हणून, आणि बावळटपणाने, तिला मोठ्याने विचारलं की कशी झालीय, अक्का.

तिने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली नाही, तशीच तिच्याकडे बघत राहिली. मग अक्का माझ्याकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात बोलली.

"मला काय इचारतीस, सुजे. मला कुठं ऐकू येतंय."

खोलीत फक्त तिचंच गाणं चालू होतं.

"गाताना म्या तुज्या आईचा हात बघत व्हते. त्यो कुठं चुकला न्हाय, म्हंजी मीबी चुकले नसंन. पर गळा कसा लागलाय, त्ये मला न्हाय ठाव," ती म्हणाली. "तू ऐक, आन् मला सांग कशी गाते मी."

मी अण्णांना कॅसेट पहिल्यापासून लावायला सांगितली, ताट बाजूला सारून अक्काच्या समोर, तिला माझे ओठ नीट दिसतील अशी बसले, आणि ती कशी गाते ते तिला सांगायला लागले.